गोजराक्का तळ्यावर जाते

कर्जतला आमच्या घराची आणि गोजराक्काच्या घराची भिंत एकच होती. लग्न होऊन मी नगरहून तिथं आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की त्या भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येतो, शिवणाच्या मशिनचा येतो, खोकल्याचा येतो. माणसांच्या बोलण्याचा मात्र येत नाही. दोन माणसं राहत होती तिथं, नवरा-बायको. भांडत असती, तरी मला बरं वाटलं असतं.

नवऱ्याचं नाव गहिनीनाथ. आळीत सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन होतं. सदरे, बंड्या, खणाच्या चोळ्या, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या, सगळं शिवत. काज करायची, बटणं लावायची, हातशिलाई घालायची ती गोजराक्का. सदरा शिवून झाला की आप्पा तो न बोलता बाजूच्या चटईवर टाकत. ती न बोलता उचलून घेई. दिवसभर कापड इकडून तिकडे जायचं आणि शब्द एकही जायचा नाही.

आप्पांना एकच नाद होता. पहाटे, अजून नीट उजाडलेलं नसताना, ते पायात वहाणा सरकवून निघत आणि गावाच्या उगवतीला पांढरीचं तळं होतं तिथवर चालत जात. पाखरं बघायला. मुलं शाळेत निघायच्या वेळेस परत येऊन मशिनवर बसत. गावात त्यांना ‘पाखऱ्या शिंपी’ म्हणत, पण त्यात टवाळी फारशी नव्हती. सवय झाली होती लोकांना. ते बाहेर पडले, की गोजराक्का दार आपटून लावी. त्या आपटण्यानं मला रोज जाग यायची.

हे असं का, ते मला समोरच्या बनुबाईंनी सांगितलं. या दोघांना उशिरानं झालेली एक मुलगी होती. चांगुणा. आप्पा तिला खांद्यावर बसवून तळ्यावर न्यायचे. ती टिटवीचा आवाज असा हुबेहूब काढायची की आळीतल्या बायका फसायच्या. सहावं की सातवं लागलं होतं तिला. एका श्रावणात ताप आला, उतरेना. नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर, खराब पाण्यातून होतो तो. तिथून ती परत आली ती कापडात गुंडाळून. गाडीतून उतरल्या उतरल्या गोजराक्का सगळ्या आळीसमोर नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या पाखरांनी माझी पोर खाल्ली.”

आप्पा काही बोलले नाहीत. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठून पुन्हा तळ्यावर गेले. ज्या पाण्यानं पोर नेली असं तिला वाटत होतं, त्याच पाण्याकडं. त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं ते सोडलंच.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात, तसा पाऊस नव्हताच, आप्पा तळ्याच्या बांधावर पडले. मेंढ्या घेऊन आलेल्या धनगरांनी त्यांना उचलून घरी आणलं. उजवी बाजू गेली होती. हात गेला म्हणजे मशीन गेलं, पाय गेला म्हणजे तळं गेलं. बोलणं राहिलं, पण जीभ जड झालेली. एकेक शब्द ते विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढत.

गोजराक्कानं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. मशीनही तीच चालवायला लागली. पण अबोला तसाच. भिंतीपलीकडून आता मशिनचा आवाज अडखळत यायचा, एवढाच फरक.

दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस पहाटेच ती माझ्या दारात उभी. वहाणा हातात.

“मास्तरीणबाई, जरा यांच्याकडं लक्ष ठेव. मी जाऊन येते.”

“कुठं?”

“तळ्यावर.”

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. नाहीतर वयानं मी तिला मुलीसारखीच. मी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, “मानूस रोज दाराकडं बघतंय. कुत्र्यालाबी बाहीर सोडत्यात, बाई.”

ती परतली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. मी आप्पांना बशीतून चहा पाजत होते. गोजराक्का उंबऱ्यात उभी राहिली. पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. आप्पा त्या चिखलाकडे टक लावून बघत राहिले.

“पानी लई उतरलंय,” ती म्हणाली. त्यांना नव्हे, मला. “कडंनी नुसता चिखल.”

“पाखरं होती?” मी विचारलं.

“हुती की. एक हुतं, ह्ये एवढं. पांढरा सदरा, वर काळं जाकीट. आन् पाय? तांबडं दोन दोरं ताणल्यावानी. एवढ्या बारीक पायांवर उभं कसं ऱ्हातं, देव जाने.”

आप्पांचे ओठ हलले. “शे... का... ट्या.”

“काय म्हनत्यात?” तिनं मला विचारलं.

“त्यांनाच विचारा,” मी म्हटलं.

तिनं पदर सारखा केला. मग भिंतीकडे बघत म्हणाली, “काय म्हनला?”

“शेकाट्या,” आप्पा म्हणाले. चहाचा ओघळ हनुवटीवर आला. तिनं तो पदरानं पुसला, आणि हात धुवायला आत निघून गेली. मी बशी घेऊन बसलेच होते. चार वर्षांनी त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलले होते, आणि बोलले ते एका पाखराबद्दल.

मग ती रोज जायला लागली. तिला नावं येत नव्हती. तिला कापड येत होतं. “खाकी रंगाचं, धुऊन इटलेलं,” असं सांगायची. “पंख मिटलं तर मळकट दिसतंय, उडालं की आतनं पांढरं सफेत, अस्तर लावल्यावानी.” आप्पा डोळे मिटून ऐकत आणि नाव सांगत. वंचक. तुतवार. चांदवा. काही नावं खरी असतील, काही त्यांनी स्वतःच ठेवलेली असतील, कोण तपासणार?

एकदा तिनं सांगितलं, की एक बदक बघितलं, त्याच्या चोचीच्या शेंड्याला पिवळं आणि बुडाशी तांबडं, जसं कुणी सवाष्णीनं बोट टेकवावं. आप्पा म्हणाले, “हळदी-कुंकू.”

“चला, आसं कुठं नाव आसतंय व्हय!”

“हाय.”

आणि मग भिंतीपलीकडून मला तिचं हसणं ऐकू आलं. मी हातातली लाटी तशीच ठेवून ऐकत राहिले. बारीक, मुलीसारखं हसू होतं तिचं. ते कसं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एका धुक्याच्या दिवशी तिची वहाण तुटली आणि ती ओढ्यावरूनच परत फिरली. आप्पांना काय सांगायचं? तिनं ठोकून दिलं, की आज चक्रवाकाची जोडी होती, शेंदरी रंगाची. आप्पांनी विचारलं, पाण्याच्या कुठल्या अंगाला? उभी होती की पोहत होती? आवाज कसा काढत होती? ती गडबडली. आप्पांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “न्हाई दिसलं... तर न्हाई म्हन. खोटं पाखरू... नगं.”

हे तिनंच मला सांगितलं, लाजून. त्यानंतर ती खोटं कधी बोलली नाही. काही नसलं तर येऊन सांगायची, “आज काय न्हाई.” आप्पा मान हलवायचे. तेही त्यांना चालायचं.

मीही कधी कधी तिच्याबरोबर गेले. गाव संपलं की ओढा, मग बाभळी, मग तो बांध. कुठल्यातरी जुन्या दुष्काळात मजुरांकडून बांधून घेतलेला, दगड काळे पडलेले. बांधावर चढलं की समोर सपाट पाणी आणि त्यावर पहाटेची वाफ. सगळं इतकं शांत, की आपला श्वास आपल्याला मोठा वाटावा. “बोलू नगं,” ती कुजबुजायची. “बांगड्या धर.” मग आम्ही दोघी बाभळीआड बसायचो, बांगड्या मुठीत धरून. मला सगळी पाखरं सारखीच दिसत. ती मात्र ओठ हलवत बघायची. घरी जाऊन काय सांगायचं ते मनात पाठ करत असावी.

बहात्तरच्या शिवरात्रीच्या सुमारास ती एक दिवस पळत आली. गोजराक्का पळताना आळीनं कधी पाहिली नव्हती. मी तिच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरले.

“अवं, लांब मानंची! धोतर लाल लुगड्यासंगं भिजत पडावं आन् रंग लागावा, तसली. चोच मोडल्यावानी वाकडी. डोस्कं उलटं करून पान्यात घालत्यात. पान्याच्या मधोमध, घोळका!”

आप्पांनी डावा हात अंथरुणावर दाबला आणि उठायचा प्रयत्न केला. “रो... हित,” ते म्हणाले. “रोहित.”

पूर्वी एका धनगरानं त्यांना या पक्ष्यांचं सांगितलं होतं. दूर कुठं उथळ पाण्यात उतरतात म्हणून. आप्पा कित्येक हिवाळे वाट बघत होते. पण पांढरीचं तळं नेहमी भरलेलं असायचं. असल्या खोल पाण्यात ते पक्षी कशाला उतरतील? यंदा पाऊस झाला नाही, पाणी गुडघ्याएवढं राहिलं, म्हणून ते आले होते. आणि आप्पा अंथरुणावर होते.

“मला ने,” ते म्हणाले.

बन्सीची बैलगाडी होती. तो आळीच्या तोंडाशी राहायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं गाडीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली. त्यानं आणि आमच्या ह्यांनी आप्पांना उचलून आत ठेवलं. बन्सीनं आपण होऊन बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबल्या. आमचे हे बांधाखालीच थांबले, मी गाडीबरोबर पुढं गेले. बन्सीनं गाडी पाणी दिसेल अशा बाभळींपर्यंत नेली आणि बैल सोडून बाजूला बांधले. गोजराक्कानं आप्पांच्या पाठीला उशी लावून त्यांना बसतं केलं.

रोहित होते. उजाडत होतं आणि पाण्यावर ते सगळे उभे होते. पहिल्यांदा नुसते पांढुरके वाटले. मग ऊन आलं तसा एकेकाच्या पंखातून तो रंग वर आला. तिनं म्हटलं होतं तसाच. लाल लुगड्याचा लागलेला. मधूनच एखादा पंख उघडी, तेव्हा आतला भडक रंग दिसे. हलके हलके गुरगुरल्यासारखा आवाज करत ते पाण्यातून चालत होते.

आप्पा बघत होते. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलत नव्हती. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि उजव्यातूनही वाहत होतं. खूप वेळानं ते म्हणाले, “चांगुणेला... दावाया पायजे हुतं.”

ते नाव त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. गोजराक्का गाडीचं चाक धरून उभी होती. मी चाकाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. उठून लांब जावं, हे मला सुचलं नाही.

“मी त्या दिवशी बोलले,” ती म्हणाली, “ते डागतर काय म्हनला ते ऐकून बोलले.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

“डागतर म्हनला, ह्यो ताप कुठल्याबी पान्यातनं येतो. घरच्या माठातनंबी येतो. आपला माठ कोन भरीत हुतं? मीच की. तांब्या कोन भरून देत हुतं तिला? मीच.” तिचा आवाज चढला नाही. काज करताना बोलावं तसं ती खाली बघून बोलत होती. “मला ते सोसंना. म्हनून तळ्यावर घातलं. तुमच्यावर घातलं.”

“ठाव... हुतं,” आप्पा म्हणाले.

“ठाव हुतं? मंग बोलला का न्हाई?”

आप्पांनी डावा हात दोनदा उचलला आणि खाली ठेवला. “तुला काय तरी... धराया पायजे हुतं.”

ती चाक सोडून खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. पाखरं उडू नयेत म्हणून की काय, आवाज करत नव्हती. मग पदर काढून तिनं विचारलं, “आन् रोज हितं कशापायी येत हुता? ह्याच पान्याकडं?”

“घरी रडाया... येईना. तू बघायचीस.”

बन्सी बैलांजवळ पाठ करून उभा होता. तो उगाचच बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही परतलो. वाटेत गोजराक्का गाडीमागं चालत नव्हती. गाडीत त्यांच्या शेजारी बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं धरत होती.

रोहित पंधरवडाभर राहिले असतील. मग एक दिवस ती येऊन म्हणाली, “गेली.” आप्पा म्हणाले, “जानारच.”

उन्हाळ्यात तळं आटत आटत एका डबक्यावर आलं. लोक चिखलात हात घालून मासे काढायला लागले. शेवटी चिखलही वाळला आणि त्याला भेगा पडल्या. मग सगळ्यांनी आभाळाकडे डोळे लावले. पण त्या वर्षी आभाळानं काही दिलं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. ओढा कोरडा, विहिरींना तळ दिसलेला. माणसांनी जनावरं मिळेल तिथं धाडून दिली. बन्सीचे बैलही गेले. दुष्काळात नवे कपडे कोण शिवतं? गोजराक्कानं मशिनवर फडकं टाकलं.

दिवाळीनंतर तळ्याचा गाळ काढायचं सरकारी काम निघालं. आळीतल्या निम्म्या बायका गेल्या. गोजराक्काही गेली. ज्या तळ्यावर ती बांगड्या मुठीत धरून बसायची, त्याच तळ्याच्या पोटात उतरून आता ती गाळाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढत होती. दुपारी मी आप्पांकडे बघायची, पाणी द्यायची, कूस बदलायची. संध्याकाळी ती यायची. हातपाय धुवायची, रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लालभडक भाकरी थापायची आणि भरवताना सांगायला बसायची.

पहिल्या दिवशी आप्पांनी विचारलं, “काय... दिसलं?”

“पाखरू न्हाई. कावळाबी न्हाई.”

ते गप्प झाले. तीही गप्प. मला भिंतीपलीकडं ती शांतता ऐकू येत होती आणि वाटलं, झालं, आता पुन्हा तसंच होणार. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, “मानसं हायेत मात्र. लई मानसं. सांगू?”

“सांग.”

मग ती माणसं सांगायला लागली. एक लंकाबाई म्हणून आहे, जामखेडच्या अंगाची. नवरा कारखान्याच्या टोळीत ऊस तोडायला गेलाय, ही बाळंतपणामुळं मागं राहिली. दोन टिकाव आडवे-उभे रोवून त्याला झोळी बांधते आणि पोर त्यात निजवते. पोराच्या तोंडावर ऊन येईल तशी झोळी फिरवते. एक बायडाबाई आहे, म्हातारी. दुपारी कामावर सुकडी, भाजल्या पिठाचा गोड खाऊ, मिळते ती निम्मी खाते आणि निम्मी पदराच्या गाठीत बांधते. कुणासाठी ते सांगत नाही. मुकादम ओरडला की बहिरी असल्यासारखं करते. गोजराक्का सांगायची ते तसंच, कापडाच्या भाषेत. “तिचं लुगडं आता लुगडं ऱ्हायलं न्हाई, नुसतं टाकं ऱ्हायल्यात.” आप्पा डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी मी पाणी द्यायला गेले, की मला विचारायचे, “लंकाबाईचं पोर... निजलं आसंल आता?” त्यांनी त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं.

माघ सरता सरता आप्पा खालावले. गिळणं अवघड झालं. गोजराक्का दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होते. आप्पा म्हणाले, “जा.”

“न्हाई जात.”

“लंकाबाईचं पोर... तापलंय म्हनलीस. बघून ये. मला... सांग.”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “मी आहे इथं. जाऊन या.” ती गेली.

दुपारी मी त्यांना पाणी पाजलं. दोन घोट घेतले. डोळे उघडे होते, दाराकडं. मी दार आणखी थोडं उघडलं, वारा यावा म्हणून. वळून बघितलं तर मान एका अंगाला कलली होती. मी त्यांना हाका मारल्या. समोरच्या बनुबाई आल्या, त्यांनी नाकाशी बोटं धरली आणि नकारार्थी मान हलवली.

“तू जा,” बनुबाई म्हणाल्या. “तिला तू आन.”

मी पदर डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं चालत गेले. ओढा, बाभळी, बांध. बांधावर चढले आणि खाली बघितलं. जिथं पाणी असायचं तिथं माणसं होती. काठापासून काठापर्यंत. पाट्या, घमेली, टिकाव, धूळ. सगळ्या बायका एकाच रंगाच्या दिसत होत्या, मातीच्या. आता यातून गोजराक्का कशी शोधायची, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिनंच मला पाहिलं. ती डोक्यावर भरली पाटी घेऊन चढ चढत होती. मला बघून थांबली.  

तिनं पाटी तिथंच टाकली नाही. उरलेला चढ चढली, बांधावर आली, पाटी उपडी केली, हातानं ठोकून सगळी माती झटकली. मग रिकामी पाटी मागून येणाऱ्या बाईच्या हातात दिली.

“कवा?” तिनं विचारलं.

“आत्ताच. दुपारी.”

“कुनी हुतं जवळ?”

“मी होते.”

तिनं मान हलवली. मग आम्ही चालायला लागलो. बाभळींपाशी आल्यावर ती एकदम म्हणाली, “पोराचा ताप उतरला. लंकाबाईच्या. सकाळीच उतरला. दूध प्यायलं त्ये.”

मी तिच्या बरोबरीनं भराभर चालत राहिले.

घरी आळी जमली होती. तिला वाट करून दिली. ती आप्पांजवळ खाली बसली. हात मातीचे होते, म्हणून तिनं त्यांना हात लावला नाही. नुसती वाकली आणि रोजच्यासारखं, कानाजवळ म्हणाली, “अवं, पोर उतरलं बरं का तापातनं.” आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो. चांगुणा गेली तेव्हा ती रडली नव्हती, असं बनुबाईंनी मला नंतर सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. तळं भरलं, आणि गाळ निघाल्यामुळं पूर्वीपेक्षा खोल भरलं. लोकांनी नारळ फोडले. हिवाळ्यात एक दिवस गोजराक्का माझ्याकडं आली आणि म्हणाली, “चल, येतीस का?” आम्ही गेलो. पाणी निळंशार होतं, थेट बांधाला टेकलेलं. मधोमध काही बदकं होती, लांब, ठिपक्यांसारखी. काठाला चिखल राहिलाच नव्हता, त्यामुळं चिखलात चालणारी पाखरं नव्हती. शेकाट्या नव्हता. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

“आमीच खोल केलं,” ती म्हणाली. मला वाटलं, तिला वाईट वाटतंय; म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. तिनं मला थांबवलं. “न्हाई गं. खोल व्हायाच पायजे हुतं. मानसं किती ती.” मग म्हणाली, “चल, ऊन झालं.”

त्यानंतर ती तळ्यावर गेल्याचं मला आठवत नाही. वर्षाच्या आत तिचा भाऊ मच्छिंद्र राहात्याहून आला. तिकडं त्याची कॅनॉलच्या पाण्यावर पेरूची बाग होती. त्यानं तिला नेलं. मशीन एसटीच्या टपावर चढवताना ती खाली उभी राहून कंडक्टरला ओरडत होती, आडवं नगं, उभं बांध म्हणून. त्या घरात मग एक तलाठी राहायला आला. त्याला चार पोरं होती. भिंतीपलीकडून दिवसभर कलकलाट.

काही वर्षांनी आम्ही शिर्डीला गेलो तेव्हा मी ह्यांना म्हटलं, राहात्याला उतरू. बाजाराचा दिवस होता. ती पेरूच्या ढिगापाशी बसलेली सापडली. केस पांढरे झालेले, पण मला लगेच ओळखलं. जवळ ओढून बसवलं, हनुवटीला हात लावून कानशिलावर बोटं मोडली. आप्पांचा विषय निघाला, बनुबाईंचा निघाला.

“इथं जाता का कुठं, पहाटे?” मी विचारलं.

“जाते की कॅनॉलच्या कडंनं. पाखरं कुठं न्हाईत, बाई? उसात बगळं उतरत्यात, तारंवर खंड्या बसतो. बघते.” तिनं एक पेरू हातात घेऊन पदरानं पुसला, पुन्हा पुसला. “पर घरी आलं की सांगू कुनाला? भावजय म्हनती, चुलीवर काय हाय त्ये बघा.”

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. तिनं माझ्या पिशवीत पेरू भरले, मी नको नको म्हणत असताना. “मीठ लावून खा,” ती म्हणाली. “बिया लई हायेत.” आणि तराजू उचलून ती त्या गिऱ्हाइकाकडं वळली.